नागनाथ आणि एक वर्षाची वॉरंटी

शिंगोरी म्हणून एक गाव आहे. तिथं नागनाथ नावाचा एक भोळा माणूस राहायचा. किती भोळा? कुणी म्हणालं, "अण्णा, जरा थांबा, आलोच," तर हा थांबायचा. तो माणूस दुसऱ्या दिवशी आला तरी हा तिथंच. कुणी काहीही सांगितलं की नागनाथ म्हणायचा, "बरं." आणि सांगितलेलं तंतोतंत करायचा. हीच पंचाईत होती.

त्याची बायको महानंदा मात्र हुशार. ती शेंगदाण्याची चटणी करायची. अशी चटणी, की भाकरी संपली तरी पाहुणे बोटं चाटत बसायचे. नागनाथ ती बाजारात नेऊन विकायचा. त्या चटणीवर घर चालायचं, आणि त्याच चटणीच्या जोरावर एका वर्षात घरात चार वस्तू आल्या. दसऱ्याला मिक्सर, दिवाळीला पंखा, संक्रांतीला टीव्ही, पाडव्याला फ्रिज. चारही तालुक्याच्या रेवणशेठच्या दुकानातून. चारही वस्तूंना एकेक वर्षाची वॉरंटी.

मिक्सरनं वर्षभर इमानानं काम केलं. वर्ष संपलं. दुसऱ्या दिवशी सकाळी महानंदानं बटण दाबलं. मिक्सर "घुर्र" म्हणाला. मग "फुस्स" म्हणाला. मग काहीच म्हणाला नाही.

नागनाथ मिक्सर काखोटीला मारून दुकानात गेला. रेवणशेठनं कार्ड पाहिलं.

"अण्णा, वॉरंटी काल संपली."

"पण हा आज बिघडला."

"तेच तर! एक दिवस आधी आणला असता तर फुकटात करून दिला असता. आता मोटरच गेलीय. वस्तू कशी, वॉरंटी संपायच्या एक दिवस आधी आणायची."

"बरं," नागनाथ म्हणाला. आणि "एक दिवस आधी, एक दिवस आधी" असं घोकत घरी आला.

महानंदा पुन्हा उखळाशी बसली. चार दिवसांत तिच्या तळहातांना फोड आले. नागनाथनं ते फोड पाहिले. त्यानं ठरवलं, आता एकही चूक करायची नाही.

दिवाळी आली. पंख्याची वॉरंटी संपायला एक दिवस उरला. दुपारची वेळ. महानंदा हाताला तेल लावून पंख्याखाली जरा आडवी झाली होती. नागनाथनं पंखा बंद केला, स्टुलावर चढला आणि तो काढायला लागला.

"अहो, चालता पंखा काय काढताय?"

"एक दिवस आधी," नागनाथ म्हणाला आणि पंखा घेऊन एसटीत बसला.

रेवणशेठनं पंखा लावून पाहिला. पंखा भिंगरीसारखा फिरला. दुसऱ्या बाजूनं पाहिलं. तिकडूनही फिरला.

"अण्णा, काय बिघडलंय याचं?"

"काहीच नाही."

"मग आणलात कशाला?"

"तुम्हीच म्हणालात, एक दिवस आधी आणायची."

शेठनं कपाळावर हात मारला. "अहो, चांगल्या पंख्याचं मी काय दुरुस्त करू? वस्तू बिघडलेली आणायची, बिघडलेली!"

"बरं," नागनाथ म्हणाला. आणि "बिघडलेली, बिघडलेली" घोकत घरी आला.

संक्रांत आली. टीव्हीची वॉरंटी उद्या संपणार. पण टीव्ही काही बिघडेना. नागनाथनं सकाळपासून त्याच्याकडे डोळे लावले. टीव्ही आपला मजेत चालू. महानंदा तीळ निवडत मालिका बघत होती. मालिकेतली सासू सुनेच्या हातातल्या किल्ल्या ओढणार, तेवढ्यात नागनाथ वरवंटा घेऊन आला.

"अहो, वरवंटा कशाला?"

"बिघडलेली आणायची," नागनाथ म्हणाला आणि त्यानं वरवंटा हाणला. सासू गेली, सून गेली, किल्ल्याही गेल्या.

टीव्ही पोत्यात भरून तो दुकानात हजर झाला. रेवणशेठनं पोत्यात डोकावून पाहिलं.

"हे कशानं झालं?"

"वरवंट्यानं. आणि मागचं झाकण उघडून दोन वायरीपण तोडल्यात. म्हटलं, तुम्हाला उगाच शंका नको."

शेठला घेरीच यायची बाकी होती. "अण्णा, फोडलेल्या वस्तूला वॉरंटी नसते! आणि वर उघडलात? वस्तू उघडली की वॉरंटी गेलीच समजा. काही झालं तरी वर्षभर उघडायची नाही!"

"बरं," नागनाथ म्हणाला. आणि "उघडायची नाही, उघडायची नाही" घोकत घरी आला.

घरी आता एकच वॉरंटीची वस्तू राहिली होती. फ्रिज.

पाडव्याला महानंदाचा भाऊ बायकोमुलांना घेऊन यायचा होता. तिनं श्रीखंडासाठी छान घट्ट चक्का बांधला, फ्रिजमध्ये ठेवला आणि हात पुसत वळली. बघते तर नागनाथ फ्रिजला दोरी गुंडाळतोय. एक वेढा, दोन वेढे, असे अकरा वेढे. वर गाठ. गाठीवर गाठ.

"अहो, हे काय?"

"उघडायचा नाही. वॉरंटीचे शेवटचे चार दिवस उरलेत, उघडला की गेली."

"अहो, पण आत चक्का आहे!"

"असू दे. त्यालाही वॉरंटी मिळेल."

महानंदा गाठ सोडायला गेली तर हा फ्रिजला पाठ लावून बसला. तिथंच जेवला. तिथंच झोपला. त्यात वाऱ्यावावधानानं गावची लाइट गेली, ती दोन दिवस आलीच नाही. पाडव्याला भाऊ आला, भावजय आली, पोरं आली. पुऱ्या झाल्या. सगळे श्रीखंडाची वाट बघत बसले. शेवटी महानंदानं खाली मान घालून पुरीबरोबर चटणी वाढली. भावानं ती बोटं चाटून संपवली. भावजय मात्र जाताना दारात म्हणाली, "वन्सं, श्रीखंड तिखट होतं हं जरा."

वॉरंटी संपली तशी नागनाथनं स्वतःच्या हातानं गाठी सोडल्या. फ्रिज उघडला. असा वास सुटला की अंगणातलं कुत्रं उठून दुसऱ्या आळीला गेलं.

महानंदाच्या डोळ्यांत पाणी आलं. काही वासानं, काही रागानं. ती म्हणाली, "अहो, बंद ठेवलं की नासतं! वस्तूचं झाकण उघडं ठेवावं. हवा लागू द्यावी!"

"बरं," नागनाथ म्हणाला.

उखळात चटणी कांडून महानंदानं चार पैसे गाठीला बांधले आणि अक्षय्य तृतीयेला नवा मिक्सर घ्यायचं ठरवलं. ती म्हणाली, "या वेळी मी येते बरोबर." वाटेत बाजारातून तिनं पिशवीभर लालभडक सुक्या मिरच्या घेतल्या.

सणाचा दिवस. दुकानात गिऱ्हाईक दाटलेलं. भिंतीला टीव्ही, खाली फ्रिज आणि धुण्याची मशीनं, वर नमुन्याचे दहा पंखे गरगर फिरताहेत. नागनाथला बघून रेवणशेठनं आधी हात जोडले. मग मिक्सर दाखवला. महानंदानं पैसे दिले, पावती घेतली. तेवढ्यात तिला आठवलं, लसूण राहिला.

"मी लसूण घेऊन येते समोरून," मिरच्यांची पिशवी नागनाथकडे देत ती म्हणाली. "तोवर मिक्सर नीट चालवून बघा."

"बरं," नागनाथ म्हणाला.

महानंदाची पाठ वळली. नागनाथनं मिक्सर पंख्यांच्या खाली मधोमध ठेवला. नुसता काय चालवून बघायचा? त्यानं भांड्यात मिरच्या भरल्या. झाकण उचललं, लावणार इतक्यात त्याला आठवलं, झाकण उघडं ठेवावं, हवा लागू द्यावी. त्यानं झाकण बाजूला ठेवलं आणि बटण दाबलं.

मिक्सर नवा होता. फार चांगला चालला.

मिरची वर गेली. दहा पंख्यांनी ती झेलली आणि दुकानभर सारखी वाटली. पहिली शिंक रेवणशेठला आली. मग गिऱ्हाइकांना आली. मग कुणाला कितवी आली ते मोजायला कुणी शुद्धीवर नव्हतं. माणसं एकमेकांवर आपटत बाहेर पळाली. शेठचे दोन्ही डोळे मिटले ते उघडेनात. गल्ला कवटाळून ते ओरडले, "पाणी! अण्णा, पाणी मारा!"

नागनाथच्याही नाकातोंडातून धार लागली होती. पण सांगितलेलं काम सोडणारा तो नव्हे. दारामागं पायऱ्या धुवायची लांब नळी होती. ती धरून त्यानं विचारलं, "कुणावर मारू, शेठ?"

"अहो, विचारताय काय? सगळ्यांवर मारा!"

"बरं," नागनाथ म्हणाला.

त्यानं आधी टीव्हींवर मारलं. मग फ्रिजवर. मग धुण्याच्या मशीनांवर. मिक्सरची फळी वरपासून खालपर्यंत भिजवली. नळी उंच धरून दहाही पंख्यांवर मारलं. कुणालाही वगळलं नाही. फट् झालं, फाट् झालं, खोक्यांतून धूर निघाला आणि दुकानातली लाइट गेली.

शेवटी जे थोडं उरलं ते त्यानं शेठवर मारलं.

महानंदा लसणाची पिशवी घेऊन दारात थिजली. रेवणशेठनं एक डोळा उघडला. मग दुसरा उघडला. सगळीकडे पाहिलं आणि ते मटकन पाण्यात बसले.

"अण्णा, सगळा माल बिघडला हो माझा!"

नागनाथ त्यांच्या शेजारी पाण्यात बसला. त्यांच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाला, "रडू नका, शेठ. सगळा वॉरंटीतच बिघडलाय!"