निकेसोने पुरी केलेली रांग

मॅसेडोनियातल्या आमच्या कालिरो गावात आलात, की टेकडीला वेढा घालणारी ही वाट दिसते. हिच्यावर गवत धरत नाही. ही एकाच घोडीच्या टापांनी पडली, असे आमच्याकडे सांगतात.

फार जुन्या काळी राजाच्या खास घोडदळात या खोऱ्यातले पन्नास स्वार होते. अंगात चिलखत, हातात लांब भाला. पाय टेकवायला रिकिबी नव्हत्याच, मांड्यांच्या पकडीवर बसायचे. बाणाच्या टोकासारखी रांग धरून ते शत्रूच्या फळीत घुसत. सगळ्यांत पुढे त्यांचा नायक, कोरागोस. पूर्वेकडच्या मोहिमेवर निघताना त्याने गावातल्या आयांना शब्द दिला, "परतल्यावर शेवटचा स्वार रांगेत आल्याशिवाय मी घोडीवरून उतरणार नाही."

सात वर्षांनी ते परतले. मेलेल्यांच्या अस्थी त्यांच्याच घोड्यांवर बांधून आणल्या होत्या. फक्त रांगेच्या उजव्या टोकाची जागा मोकळी होती. ती अडिमोसची, निकेसोच्या एकुलत्या एका मुलाची.

कोरागोस उतरला नाही. टेकडीभोवती फिरत राहिला. क्षणभर थांबून पूर्वेकडे बघायचा, की पुन्हा टाच मारायचा. लोक त्याला घोडीवरच भाकर देत. झोपायचाही म्हणे तिथेच. नऊ दिवस असे गेले. घोडीच्या तोंडाला फेस आला, पाय लटपटू लागले.

दहाव्या सकाळी निकेसो आडवी आली. लगाम धरून तिने विचारले, "माझा मुलगा कुठे पडला?"

"पडताना पाहिलं नाही, आई. मी रांग डावीकडे वळवली. धुरळ्यात त्याला हाक ऐकू गेली नसावी. तो सरळ गेला."

"एकटा?"

"एकटा."

मग निकेसोने सगळ्या स्वारांना बोलावून पुन्हा रांग धरायला लावली, अस्थींचे घोडेही जागेवर आणवले, आणि स्वतः उजव्या टोकाला अनवाणी जाऊन उभी राहिली.

"मोज," ती म्हणाली. "रांग पुरी आहे. आता उतर, ती घोडी मरेल."

कोरागोस उतरला. त्याला चालता येईना. निकेसोनेच त्याला धरून घरी नेले.

आजही वसंतात आमची पोरे घोड्यांवर रांग धरतात, आणि जिचे कोणी परतायचे राहिले आहे अशी बाई उजव्या टोकाला येईपर्यंत कोणी उतरत नाही. यंदा माझी बायको उभी राहिली. आमचा धाकटा जहाजावर आहे, चार महिने त्याचा फोन नाही. स्वार उतरले, घोडे घेऊन घरी गेले, तरी ती तिथून हलेना.