उपाशी कोळसा

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की ज्या राजाच्या राज्यात ती घडली त्याचं नाव आज कुणालाच सांगता येत नाही. त्या राज्याच्या अगदी टोकाला, डोंगराच्या उतारावर, भांगेचा एक मळा होता.

भांग म्हटल्यावर गालातल्या गालात हसू नका. ही भांग पिऊन नाचायची नव्हती. गावचे वैद्य तिचा पाला तिळाच्या तेलात कढवायचे आणि थंडीत ज्यांचे सांधे आखडत त्यांना ते तेल चोळायला द्यायचे. राजाची परवानगी त्या एका मळ्यापुरतीच होती. मळा पिकला तर गावाला तेल, नाहीतर हिवाळाभर कण्हणं.

हा मळा हरबा राखायचा. उताराची जमीन मुरमाड, घातलेलं पाणी खाली पळून जायचं. म्हणून तिथल्या मातीत बांबूचा कोळसा मिसळायची रीत होती. बांबूचे तुकडे खड्ड्यात रचायचे, पेटवायचे आणि वरून माती लिंपून धुमसू द्यायचे. असा कोळसा कुटून मातीत घातला की ओल टिकून राहायची.

कोळसा पाडायचा हरबाने. त्यानंतरचं काम त्याच्या बायकोचं, राहीचं. ती कोळशाचं मडकं डोक्यावर घेऊन घरोघर फिरायची. दारात मडकं उतरवलं की घरातली बाई त्यात काहीबाही ओतायची. कुणी गोमूत्र, कुणी तांदळाचं धुवण, कुणी आंबलेलं ताक. राही सकाळी निघायची आणि परतायची तेव्हा गुरं घरी आलेली असायची.

"गप्पा मारायला काहीतरी निमित्त हवं तुम्हा बायकांना," हरबा कुरकुरायचा.

राही नुसती हसायची. त्यालाही वाटायचं, असेल काहीतरी बायकांचं व्रतवैकल्य. त्याने कधी विचारलं नाही.

मग एका वर्षी तापाचं निमित्त झालं आणि राही गेली.

सुरुवातीला लोक येत राहिले. कुणी भाकरी आणली, कुणी कालवण आणलं. हरबाला त्या प्रत्येक भाकरीत कीव दिसायची. "माझं मी करून खातो," असं म्हणून तो आणलेलं परत करायचा. लोकांनी तरी किती दिवस तोंड पाडून माघारी जावं? हळूहळू ते यायचे थांबले. हरबाने मळ्याभोवती काटेरी कुंपण घातलं आणि एकट्यापुरतं रांधून चुलीपुढेच जेवू लागला. तो फार एकटा होता, आणि आपण एकटे आहोत हे कुणाला कळू नये याची त्याला फार काळजी होती.

त्या वर्षी पेरणीआधी त्याने डोंगरातून स्वतः बांबू तोडून आणला. एरवी तो टोपल्या विणणाऱ्या चिमामावशीकडून उरलेले तुकडे घ्यायचा, पण आता त्याला कुणाचं काही नको होतं. कोळसा असा उतरला, की वाजवला तर काशाच्या वाटीसारखा वाजे. त्याने तो ओढ्यावर नेऊन स्वच्छ धुतला, कुटला आणि दरवर्षीपेक्षा जास्त मातीत घातला. कुणाच्या दारात मडकं नेलं नाही. "एवढं सगळं माझं एकट्याचं," असं तो स्वतःशीच म्हणाला. ऐकायला दुसरं होतंच कोण.

भांग उगवली. वीतभर झाली आणि पिवळी पडायला लागली.

हरबाने कीड शोधली, सापडली नाही. ओल पाहिली, ओल होती. मग कोळसाच कमी पडला असेल असं वाटून त्याने आणखी कोळसा घातला. रोपं आणखी पिवळी पडली. श्रावणात वैद्य पाहणीला आले, तेव्हा मळा हळद शिंपडल्यासारखा दिसत होता.

"यातून वाटीभर तेलसुद्धा निघायचं नाही, हरबा," वैद्य म्हणाले. "बाकीचे कसंही सोसतील. पण चिमाबाईची बोटं आताच वळत नाहीत. थंडीत तिचं काय होईल?"

चिमामावशी राहीची जिवाभावाची. भाकऱ्या परत केल्यावरही सगळ्यांत जास्त दिवस ती कुंपणाशी येऊन हाक मारत राहिली होती. "तिला मीच सांगतो," तो म्हणाला.

मावशी ओसरीवर बसली होती. पुढ्यात बांबू पडला होता आणि कोयता बाजूला होता. कोयत्याची मूठ तिला धरवत नव्हती. हरबाने मान खाली घालून सगळं सांगितलं.

"कोळसा कुणाकुणाच्या दारात नेला होतास?" तिने विचारलं.

"कुणाच्याच नाही. चांगला धुऊन घातला होता."

मावशी म्हणाली, "अरे बाबा, कोरा कोळसा उपाशी असतो. मातीत गेला की आधी आपलं पोट भरतो. मुळाशी जे काही असेल ते सगळं ओढून घेतो, रोपाला काही ठेवत नाही. म्हणून त्याला आधी घरोघर नेऊन खाऊ घालायचं असतं. एका घरातून पुरत नाही, सगळ्यांनी थोडं थोडं द्यावं लागतं."

"राही कधी बोलली नाही."

"तू कधी विचारलंस?"

हरबा ओसरीच्या कडेला खाली बसला.

"अजून वेळ गेलेली नाही," मावशी म्हणाली. "खड्ड्याजवळ उरलेला कोळसा असेल ना? तो मडक्यात भर, दारोदार फिरव, जरा मुरू दे आणि भादव्यात परत पेर. मार्गशीर्षात पाला हाती येईल. माझ्या हातांचं मी कसंबसं निभावते तोवर."

हरबाने मडकं भरलं. डोक्यावर घेऊन पहिल्या घरापर्यंत गेलाही. आत बायका धान्य निवडत होत्या आणि कशावरून तरी हसत होत्या. त्यांना तो आल्याची कल्पनाही नव्हती, पण हरबाला वाटलं, आपल्यालाच हसतायत. ज्यांच्या भाकऱ्या आपण परत केल्या, त्यांच्याकडे आता गोमूत्र मागायचं? त्याचे पाय तिथेच अडखळले. उद्या येऊ, असं म्हणून तो माघारी फिरला.

दुसऱ्या दिवशीही तो असाच माघारी फिरला. मग पाऊस होता. मग कुणाच्या घरी पाहुणे होते. एकदा तर दाराशी उभ्या असलेल्या म्हाताऱ्याने "काय हरबा, काही हवंय का?" असं आपणहून विचारलं. हरबा म्हणाला, "छे, असाच निघालो होतो." मडकं डोक्यावर घेऊन कुणी असंच निघत नाही हे म्हाताऱ्यालाही कळत होतं, पण तो तरी काय बोलणार.

असं करता करता भादवा सरला.

थंडी त्या वर्षी फार पडली. चिमामावशीच्या घरावरून जाताना कण्हणं ऐकू यायचं, म्हणून हरबा लांबच्या वाटेने जाऊ लागला. वैद्यांनी शेक दिला, काढे दिले, पण तेल नव्हतं ते नव्हतंच. मावशीला घास उचलवेना, कूस वळवेना. माघाच्या शेवटी ती गेली. हरबाने तिला खांदा दिला, आणि घरी येऊन लहान मुलासारखा रडला.

पुढच्या पेरणीआधी तो मडकं घेऊन निघाला. या वेळी तो पहिल्या दाराशी थांबला आणि म्हणाला, "वहिनी, कोळशाला काहीतरी घाला."

वहिनींनी एक शब्दही न विचारता गोठ्यातलं भांडं आणून मडक्यात रिकामं केलं. मग म्हणाल्या, "राहीच्या माघारी आम्ही वाटच बघत होतो. इतके दिवस का आला नाहीत, भावोजी?"

हरबाने मडकं पुन्हा डोक्यावर घेतलं. दुसऱ्या घरात त्याला ताक मिळालं, तिसऱ्यात धुवण. मागणं इतकं सोपं होतं हे कळल्यावर त्याला हलकं वाटायला हवं होतं. उलट छातीवरचं ओझं वाढतच गेलं.

त्या साली भांग पुरुषभर वाढली, हिरवीगार. तेल घरोघर पोचलं. फक्त चिमामावशीच्या दाराला कडी होती.

मुलांनो आणि मोठ्यांनो, मागायला लाजणारा माणूस स्वतः उपाशी राहतोच, पण जो त्याच्यावर विसंबून असतो त्यालाही उपाशी ठेवतो.