ऋजुताचा लॅपटॉप

"...म्हणजे दोष यंत्राचा आहे?"

"यंत्राचाच, महाराज. जुनं झालंय. चालू करून ठेवावं आणि चहा करायला जावं, इतका वेळ घेतं."

सोमगिरी महाराजांनी पुढ्यातल्या लॅपटॉपकडे पाहिलं. वेण्णा नदीकाठच्या त्या लहानशा मठाच्या ओसरीवर दुपारचं ऊन तिरकं आलं होतं.

समोर मोरेश्वर पोतनीस बसले होते. पुण्यात मोठ्या पदावरचा माणूस. बँकांची, इस्पितळांची सगळी माहिती जपून ठेवणारी कंपनी त्यांच्या देखरेखीखाली चाले. "आमच्याकडे काही हरवत नाही," असं ते चारचौघांत सांगत.

त्यांची एकुलती मुलगी ऋजुता पावसाळ्यात तापाचं निमित्त होऊन गेली. कातळाच्या उघड्या सड्यांवर, ओढ्यांच्या काठाने हिंडून ती बेडकांचे आवाज ध्वनिमुद्रित करायची. ते सगळं तिच्या लॅपटॉपमध्ये होतं. तिच्या संशोधनाच्या मार्गदर्शक बाई ते मागत होत्या. अर्धं राहिलेलं काम तिच्या मैत्रिणींना पुरं करायचं होतं.

पोतनीस दर वेळी सांगत, "लॅपटॉप फार मंद आहे हो. दुरुस्त करून देतो."

शेवटी बाईंनी विचारणं सोडलं.

तेव्हापासून पोतनिसांची झोप उडाली होती. त्यांनी महाराजांना तसं कळवलं, तेव्हा महाराजांनी निरोप धाडला होता, येताना ते यंत्र घेऊन ये.

"दुरुस्ती अवघड आहे?"

"माझ्यासाठी?" पोतनीस जरा दुखावले. "हातासरशी होणारं काम आहे. नवी रॅम आणलीय. हार्डडिस्कच्या जागी घालायची नवी, वेगवान एसएसडी आणलीय. जुन्या हार्डडिस्कवरचं सगळं तिच्यावर उतरवूनही झालं. नुसतं बसवायचं राहिलंय."

"कधी आणलंस?"

"...दिवाळीत."

होळी होऊन गेली होती.

"इथे बसव," महाराज म्हणाले.

पोतनिसांनी लॅपटॉप पालथा घातला. कडेच्या फटीत लाल माती वाळून बसली होती. त्यांनी ती पुसली नाही. स्क्रू काढले, झाकण उचललं, बॅटरी सोडवली. मग चालू करायचं बटण दाबून धरलं.

"बंद आहे ना? मग दाबतोस कशाला?"

"आत थोडी वीज उरते, महाराज. ती जाऊ द्यावी लागते."

जुनी रॅम त्यांनी बाहेर काढली.

"हिच्यात काय आहे?"

"आता काही नाही. वीज गेली की हिच्यातलं सगळं जातं."

"आणि त्या डब्यासारख्या वस्तूत?"

ती हार्डडिस्क होती. पोतनिसांचा आवाज खाली आला.

"तिच्यात... सगळं."

महाराजांनी हात पुढे केला. पोतनिसांनी डिस्क काढून त्यांच्या तळव्यावर ठेवली. महाराज क्षणभर डोळे मिटून बसले.

"हलकी आहे," ते म्हणाले आणि परत दिली.

नवी एसएसडी जागेवर सरकली. नवी रॅम तिरकी घालून दाबली तसा खटका बसला. झाकण लागलं. पोतनिसांनी बटण दाबलं आणि सवयीने मागे टेकले.

टेकतात न टेकतात तोच पडदा उजळला.

ओल्या कातळावर बसलेला एक इवलासा बेडूक. त्याच्या बाजूला फोल्डर. सडा. ओढा. आजोळची विहीर.

पोतनिसांचा हात उचलला गेला... आणि तसाच राहिला.

"आता मंद नाही," महाराज म्हणाले.

पोतनिसांनी हात मागे घेतला.

"महाराज, मी हे कधी उघडलंच नाही. चालू व्हायला लागलं की बंद करायचो." त्यांनी पडद्यावरची नजर काढली. "प्रत्येक ध्वनिमुद्रणाच्या सुरुवातीला ती बोलते. तारीख सांगते, जागा सांगते. कधी पाय घसरला तर हसते, असं तिच्या मैत्रिणी म्हणतात."

"मग?"

"ऐकलं की संपलं, महाराज. आज निदान तिचं काहीतरी माझ्यासाठी शिल्लक आहे. सगळं ऐकून झालं... की मग तिचं नवं असं काही उरणार नाही. कधीच."

एवढं बोलून त्या माणसाने तोंड ओंजळीत लपवलं. खांदे हलत राहिले. महाराजांनी त्यांना गप्प केलं नाही.

रडणं ओसरलं तेव्हा महाराज आपल्या आसनावरून उठले. ते वृद्ध होते, उठायला वेळ लागला. भिंतीचा आधार घेत ते पोतनिसांच्या बाजूला आले आणि सतरंजीवर, त्यांच्या खांद्याला खांदा लावून बसले.

पडद्याकडे पाहत म्हणाले,

"लाव. मी तिला अजून ऐकलेलं नाही."