नगारखान्याची खुंटी

फार वर्षांपूर्वी, म्हणजे तुमच्या पणज्याला अजून लंगोटाची गाठ मारता येत नव्हती तेव्हा, घाटाच्या कडेला कोंडघोल नावाचं गाव होतं. गाव अजून आहे. पावसानं ते वाहून न्यायचा पुष्कळ प्रयत्न केला, पण भांडखोर माणसं पाण्यालाही जड जातात.

त्या गावात नरसू सुतार राहायचा. लाकडाला भोक पाडावं तर नरसूनं, असं म्हणतात. आता तुम्ही म्हणाल, भोक पाडण्यात काय एवढं, उंदीरही पाडतो. पाडतो ना. पण उंदराच्या भोकावर घर उभं राहत नाही. त्या काळी कोंडघोलात घराला लोखंडी खिळा मारत नसत. खांबाच्या खाचेत तुळईचं टोक बसवायचं, दोन्हींतून आरपार भोक पाडायचं आणि त्यात लाकडाची खुंटी ठोकायची. त्या खुंट्यांवर अख्खं घर उभं, छपरासकट आणि आतल्या सासूसुनांच्या भांडणासकट. भोक बारीक पडलं तर खुंटी ठोकताना लाकूड फाटतं. मोठं पडलं तर खुंटी डुलते, आणि खुंटी डुलली की वरची माणसंही डुलतात, दारू न पिता.

हे भोक पाडायचं हत्यार म्हणजे सामता. कमानीची दोरी त्याला गुंडाळायची, कमान मागंपुढं ओढायची, की सामता गरगरा फिरतो आणि टोकाचं पातं लाकडात शिरतं. नरसूकडं अशी खूप पाती होती नि प्रत्येकाला त्यानं नाव दिलं होतं. लांब, बारीक, टोकदार पातं म्हणजे सासू. ऐनासारख्या कठीण लाकडात तीच शिरायची. टोचून टोचून शिरायची, पण शिरायची. गाठीपाशी करकरून चावणारी ती नणंद. फणसासारख्या मऊ लाकडाला धाकटी भावजय, ती गुपचूप जायची नि गुपचूप यायची. आणि सगळ्यांत जाड पातं म्हणजे जावई. जाईल तिथलं सगळं खाऊन येणार. जावयाला नरसू फक्त गोठ्याच्या दारातल्या आडण्यासाठी बाहेर काढायचा, कारण तिथला दांडा रोज सरकवायचा असतो, भोक ढिलंच लागतं.

कुठलं पातं घ्यायचं ते नरसू लाकडालाच विचारायचा, असं म्हणतात. तुळईवर कान ठेवायचा, बोटानं टकटक करायचा आणि ऐकत बसायचा. लाकूड सांगायचं, "सासू नको रे बाबा, माझ्या पोटात गाठ आहे." मग तो नणंद काढायचा. एकदा ढोलीत मैना अंड्यांवर बसलेली असताना त्यानं त्याच खोडाला आरपार भोक पाडलं आणि मैनेला पत्ताही लागला नाही, असं म्हणतात. मैनेला कुणी विचारलं ते मात्र विचारू नका.

नरसू काही देवमाणूस नव्हता. तोंडाचा फाटका होता, आणि स्वतःची स्तुती करायला दुसऱ्याची वाट बघायचा नाही. त्याच्या मनात एकच काटा होता. त्याच्या बापानं भैरोबाच्या देवळाचं दार केलं होतं. दार पहिल्यांदा उघडायचं त्या दिवशी मानकरी म्हणाले, "बाजूला हो सुतारा, वाट दे." बाप हत्यारांची पिशवी घेऊन गर्दीमागं गुरांच्या पाण्याच्या डोणीपाशी उभा राहिला. दार उघडताना आवाज कसा येतो ते त्याला कधी ऐकता आलं नाही. तो मेला तो तेच बोलत मेला. तेव्हापासून नरसूला एकच पाहिजे होतं. भैरोबाच्या जत्रेत नगाऱ्याचा पहिला ठोका एकदा तरी सुताराच्या हातचा पडावा.

एका वर्षी गावानं नवा नगारखाना बांधायचं ठरवलं. चार उंच खांब, वर तुळया, तुळयांवर फळ्यांचा मजला आणि मजल्यावर नगारा. दोन खांब वरल्या आळीनं दिले, त्यांचे मानकरी सुबराव. दोन खालच्या आळीनं दिले, त्यांचे मानकरी केरबानाना. दोघांची तोंडं एवढ्या वर्षांत एका दिशेला झालेली कुणी बघितली नव्हती. लग्नाच्या पंगतीतसुद्धा ते पाठीला पाठ लावून जेवायचे.

नरसूनं लाकडांना विचारून सासू काढली आणि पहिलं बारीक भोक पाडायला बसला, तोच सुबराव आले.

"नरसू, खुंटीचं डोकं बाहेर दिसणार न्हवं?"

"दिसणार की."

"त्याला हळदकुंकू लागणार, हार पडणार. मग आमची खुंटी केरबाच्या खुंटीएवढीच कशी?"

"हार मोठा घाला की मालक."

"हार मोठा आन् खुंटी बारकी? रेड्याच्या शेपटाला झूल बांधल्यागत दिसंल. जाड पातं काढ."

हे केरबानानांच्या कानावर जायला किती वेळ लागणार? ते जेवण अर्धं टाकून आले, हातही न धुता.

"सुबऱ्याची खुंटी जाड? मग माझी त्याच्यापरीस जाड पायजे. कुठलं पातं हाय तुझ्याकडं सगळ्यांत मोठं?"

"जावई. पण ते गोठ्यासाठी असतंय नाना, गुरांसाठी."

नगारा वाजवणारा पिरा गुरव तिथंच कातडं ताणत बसला होता. तो म्हणाला, "मग बिघडलं काय? वर हीच चढणार हायती."

नरसू हसला, पण कबूल झाला नाही. जावयानं एवढं भोक पाडलं की तुळईच्या टोकाला पापडाएवढं पातळ लाकूड उरेल, हे त्यानं सांगितलं. एकदा सांगितलं, ओरडून सांगितलं, शिव्या घालून सांगितलं. तेव्हा सुबराव जवळ आले आणि हळूच म्हणाले, "नरसू, पहिला ठोका तुझा."

केरबानाना लगेच म्हणाले, "हां, तुझाच. माझी काय आडकाठी?"

दोघं आयुष्यात पहिल्यांदा एका बाजूनं बोलले, आणि नरसूनं जावई हातात घेतला.

संध्याकाळी त्याच्या बायकोनं, गोदाक्कानं, भाकरी थापता थापता विचारलं, "लाकूड काय म्हणालं?"

"लाकडाला काय कळतंय मानपानातलं?"

"विचारलं तरी का तुम्ही?"

नरसूनं ताट पुढं ओढलं.

दुसऱ्या दिवशी त्यानं चारी खांबांना भोकं पाडली. तुळईवर कान ठेवला नाही. भुसा मुठीमुठीनं पडत होता, आणि भोक एवढं झालं की माणसाचा हात कोपरापर्यंत आत जावा. आता एवढ्या जाड खुंट्यांना वाळलेलं खैराचं लाकूड कुठून आणायचं? मग ओलंच तोडलं. ओली खुंटी वाळते आणि वाळली की आकसते, हे नरसूला गावात सगळ्यांपेक्षा जास्त ठाऊक होतं. पण तो स्वतःला म्हणाला, जत्रा होऊ दे, ठोका पडू दे, मग सावकाश नव्या तुळया घालीन. माणूस स्वतःशी खोटं बोलतो तेव्हा आवाज किती गोड काढतो बघा.

जत्रेआधी कडक ऊन पडलं.

जत्रेच्या दिवशी नरसू नवा पटका बांधून, हातात नगाऱ्याची टिपरी घेऊन शिडीपाशी उभा राहिला. सुबराव म्हणाले, "थांब, आधी हार नीट करून येतो," आणि आपली माणसं घेऊन वर चढले. केरबानाना म्हणाले, "तो एकटाच वर? मग मी बी," आणि तेही आपली माणसं घेऊन चढले. वर गेलेलं कुणी खाली येईना. नरसू खालून बघत राहिला. बाप जिथं उभा राहिला होता ती डोण तिथून फार लांब नव्हती.

तेवढ्यात त्याला ऐकू आलं. गर्दीत दुसऱ्या कुणालाच नाही, त्यालाच. उगवतीच्या खांबातून लाकूड कण्हल्याचा आवाज. त्यानं वळून बघितलं तर खुंटी आकसून भोकातून सरकत होती, हारासकट. बघता बघता ती खाली पडली आणि तुळई सुटायला लागली.

वर पन्नास माणसं होती असं म्हणतात, खालच्या आळीवाले शंभर सांगतात. ती सगळी नरसूला बाजूला सारून चढलेली. तो दोन पावलं मागं सरकला असता तर त्याला काही झालं नसतं. त्यानं टिपरी फेकली, शिडीवर उडी घेतली आणि उजवा हात त्या भोकात घातला, खुंटीच्या जागी.

तुळई थांबली.

"उतरा!" नरसू ओरडला. "खाली उतरा समदी!"

वरनं सुबरावांनी वाकून बघितलं. "सुताराला घाई झालीया बघा ठोक्याची," ते म्हणाले, आणि सगळे खो खो हसले. मग तो पहिला ठोका नरसूला मिळू नये म्हणून सुबरावांनी एक टिपरी उचलली, केरबाला मिळू नये म्हणून घाईनं उचलली. केरबानानांनी दुसरी उचलली. दोघांनी नगारा बडवायला सुरुवात केली. एकेक ठोका तुळईतून खाली उतरायचा नि नरसूच्या हातावर पडायचा. तो ओरडत होता, पण नगाऱ्यापुढं माणसाचा आवाज काय? लोक खालून म्हणत होते, काय वाजवतायत, काय वाजवतायत!

वर एकटा पिरा गुरव रिकामा बसला होता, कारण त्याच्या टिपऱ्या त्या दोघांनी हिसकावल्या होत्या. त्यानं फळीच्या फटीतून खाली बघितलं. तो किंचाळला, पण कुणी लक्ष दिलं नाही. मग ज्या माणसानं त्या नगाऱ्याला कधी पाय लागू दिला नव्हता, त्यानं कमरेची सुरी काढली आणि नगाऱ्याचं कातडं आरपार फाडलं.

सगळं गाव गप्प झालं. त्या शांततेत नरसूचा आवाज वर पोचला.

"उतरा. हात ऱ्हाईना."

आता तुम्हाला वाटेल, सगळे धडाधडा उतरले. तुम्ही कोंडघोलचे दिसत नाही. केरबानाना म्हणाले, "मी आधी उतरणार न्हाई. धाकटा आधी उतरतो." सुबराव म्हणाले, "मी बी न्हाई. माझा मान वरचा." दोघं मजल्यावर मांडी घालून बसले. एक आळी दुसरीकडं बघत राहिली आणि खाली नरसूच्या कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरत राहिला. शेवटी पिरानं दोघांच्या पटक्यांची टोकं एकमेकांना बांधली आणि दोघांना एकदमच शिडीवर ढकललं, तेव्हा कुठं लोक उतरले. सगळ्यांच्या शेवटी पिरा उतरला.

"नरसू, काढ आता हात," पिरा म्हणाला.

हात निघेना. कोपरापासून पुढं त्याचं ऐनाचं लाकूड झालं होतं, असं म्हणतात. रेषा आल्या होत्या, आणि मनगटापाशी एक गाठही.

गोदाक्का घरनं करवत घेऊन आली. तेव्हा सुबराव पुढं झाले. तुम्हाला वाटेल, पाया पडायला.

"थांब गोदाक्का," ते म्हणाले. "तो हात काढलास तर नगारखाना पडंल."

केरबानाना म्हणाले, "खरं बोलतोय तो."

दुसऱ्यांदा दोघं एका बाजूनं बोलले.

गोदाक्का त्यांच्याकडं बघून म्हणाली, "हात तुमाला ऱ्हाऊ दे. माणूस मी नेते." आणि तिनं करवत चालवली. रक्त आलं नाही, नुसता भुसा पडला, असं म्हणतात. रक्त आलं असं म्हणणारीही घरं आहेत, पण त्यांना जत्रेत कुणी बोलू देत नाही.

ती दोघं त्याच दिवशी हत्यारं घेऊन घाट चढायला लागली. पिरा त्यांना वेशीपर्यंत सोडायला गेला, पुढचं बोलणं त्यानंच सांगितलंय. गोदाक्कानं विचारलं, "मिळाला का मग पहिला ठोका?"

नरसू म्हणाला, "मिळाला की. पहिला बी मलाच मिळाला. मागचे बी समदे मलाच."

त्यानंतर त्याला कुणी बघितलं नाही. नगारखाना मात्र त्या हातावर खूप वर्षं उभा राहिला. पहिला ठोका कुणी मारला यावर दोन्ही आळ्या अजून भांडतात. नरसूचं नाव त्या भांडणात येत नाही. पुढं किती तरी वर्षं कोंडघोलात कुठला सुतार कामाला येईना. घरं कलली, दारं लागेनाशी झाली. पावसाळ्यात लोक झोपायचे ते एक डोळा आढ्याकडं ठेवून. शेवटी गाव दुसऱ्या गावच्या सुतारांच्या पाया पडलं, आणि सुतार एका अटीवर आले. ती अट आजही पाळतात.

कोंडघोलात नवं घर उभं राहतं तेव्हा सुतार पहिलं भोक पाडतो आणि घरधन्याला बोलावतो. घरधनी भोकात अंगठा घालून बघतो. अंगठा आत शिरला तर ती तुळई चुलीत जाते. नाही शिरला तर सुतार विचारतो, "भोक कुणाच्या मापाचं?" घरधन्यानं म्हणायचं, "लाकडाच्या मापाचं. नरसूची आण." मग तुळई खांबाच्या खाचेत धरायची, ती घरधन्यानं स्वतः, आपल्या खांद्यावर, खुंटी आत जाईपर्यंत.

सुतार त्या वेळी अजिबात घाई करत नाही. आधी चंची सोडतो. पान पुसतो, चुना शोधतो, सुपारी नीट कातरतो, शेजारच्याला तब्येत विचारतो. आणि घरधनी, मग तो सुबरावांच्या वंशातला असो की केरबानानांच्या, मान वाकडी करून, दात आवळून उभा राहतो. "ठोक की रं आता," असं त्यानं म्हणायचं नसतं.