पायलीकडे पाठ

माळाच्या पायथ्याशी एक गाव होतं. सुगी सरली की तिथे एक धनगरीण आपला कळप घेऊन यायची. रात्री मेंढ्या शेतात बसायच्या, लेंडीखताने जमीन कसदार व्हायची आणि बदल्यात तिला धान्य मिळायचं. त्या धान्यावरच तिच्या लेकरांचं पोट होतं.

एका वर्षी गावातल्या मोठ्या शेतकऱ्याच्या डोक्यात संशयाचं भूत शिरलं. तो म्हणाला, "बाई, यंदा शेतात माझा राखणदार बसेल. मध्यरात्री मेंढ्या दुसऱ्याच्या रानात नेल्यास तर मला कसं कळणार? हवं तर धान्य दुप्पट घे."

धनगरिणीच्या डोळ्यांपुढे लेकरं आली. पण राग मस्तकात गेला होता.

"मालक, धान्य मापायची पायली तुम्ही भरता. मी कधी वाकून बघितलं? राखणदार बसणार असेल तर माझी मेंढरं बसणार नाहीत!"

"मग राहा उपाशी!"

"राहीन. पण चोर म्हणवून घेऊन खाणार नाही."

तिने कळप हाकला तो थेट शेजारच्या कोरडवाहू शेतकऱ्याकडे. त्याच्यापाशी द्यायला धान्य थोडंच होतं. तो एवढंच म्हणाला, "ताई, शेत तुझ्यावर सोडलं," आणि घरी जाऊन खुशाल झोपला.

शेवटच्या रात्री लांडगा आला. मेंढ्या उधळून माळावर पांगल्या, त्या गोळा करेपर्यंत उजाडलं. कोणीही पाहिलं नव्हतं. शेतकरी धान्य घेऊन आला, तेव्हा तीच म्हणाली, "दादा, रात्री मेंढरं तुमच्या रानात नव्हती. आज आणखी एक रात्र बसवते, मगच धान्य द्या."

ही गोष्ट गावभर झाली. पुढच्या हंगामात कोरडवाहू रान पिकाने डोललं आणि मोठ्या शेतकऱ्याचं पीक खताविना खुरटलं. सुगी सरताच तो खाली मान घालून माळावर गेला.

"बाई, राखणदार नको. तू म्हणशील ती बोली. पायलीसुद्धा तूच भर."

"बोली जुनीच," ती ताठ मानेने म्हणाली, "आणि पायली तुम्हीच भरा."

कळप उठायच्या दिवशी तो धान्याच्या राशीशी बसला, तेव्हा ती मुद्दाम त्याच्याकडे पाठ करून उभी राहिली. शेतकऱ्याचा हात क्षणभर थांबला. मग त्याने एकेक पायली काठाच्या वर शीग लावून भरली.

तात्पर्य एवढंच: सौदा विश्वासावर ठरतो, विश्वासच नसेल, तर दुप्पट मोलाकडेही खुशाल पाठ फिरवावी.