वैऱ्याची वाटणी

त्या मुलखात एडक्यांच्या टकरींशिवाय दुसरी करमणूक नव्हती. ओढ्याच्या अलीकडे एक आखाडा, पलीकडे एक. दोन्हींचा मालक एकच, पण बघणारी मेंढरं दोन तट करून एकमेकांना शिव्या घालत. ज्यांना यायला जमत नसे त्यांना कावळे झाडावरून टक्कर ओरडून सांगत, आणि ती घरबसली मेंढरं तर जास्तच भांडत.

टकरी ठरलेल्या असत, हे मेंढरांनाही आतून ठाऊक असे. कोणी पडायचं हे कारभारी बोकड सकाळीच सांगून जाई. म्हणून लागत नसे असं नाही. लागायचंच.

अलीकडच्या आखाड्यात शेंदऱ्या हा लाडका आणि काजळ्या हा दुष्ट. सात वर्षं ते एकमेकांवर धावले. शेवटच्या पावलाला काजळ्या मान अशी वळवी, की आवाज डोंगरापर्यंत जाई आणि समोरच्याला खरचटतही नसे. चौथ्या वर्षी शेंदऱ्याच्या डाव्या डोळ्याची नजर गेली. हे एकट्या काजळ्याला ठाऊक. तेव्हापासून तो शेंदऱ्याच्या उजवीकडूनच येई. मेंढरांना काय, धूळ उडाली की पुरे.

रिवाज असा, की वैऱ्यांनी आखाड्याबाहेरही वैरीच राहायचं. एका डोणीवर पाणी प्यायचं नाही, एका सावलीत बसायचं नाही. या दोघांनी तो इतका चोख पाळला, की कारभाऱ्यालाही ते वैर खरं वाटू लागलं.

दरवर्षी वाटणी होई. बोकड दगडावर उभा राहून नावं पुकारी. ज्याचं नाव येई तो ओढा ओलांडून पलीकडचा होई, आणि कालपर्यंत त्याच्यावर थुंकणारी मेंढरं त्याचा जयजयकार करत. एडक्याला विचारायची पद्धत नव्हती. त्या वर्षी काजळ्याचं नाव येणार अशी कुणकुण लागली, तेव्हा शेंदऱ्या मान खाली घालून बोकडाकडे गेला.

"काजळ्याला राहू द्या, कारभारी."

बोकडाचा रवंथ थांबला. "डोक्यावर पडलास काय? सात वर्षं बडवलं त्यानं तुला. तुझ्यासाठीच धाडतोय. म्हातारपणी जरा सुखानं जग."

"सवय झालीय त्याची."

"सवय खरजेचीपण होते. जा."

खरं कारण सांगायला शेंदऱ्याची जीभ उचलेना. आंधळ्या-लंगड्या एडक्यांना खालच्या वाटेनं नेत, आणि तिकडून नुसती लोकर परत येई.

काजळ्याचं नाव पुकारलं गेलं. निरोप घेणं रिवाजात बसत नव्हतं. ओढ्यात उतरताना तो सगळ्यांदेखत ओरडला, "मर इथंच, थेरड्या. आणि डावीकडच्याला जप." मेंढरांना वाटलं, शिवी दिली. ती खूश झाली.

त्याच्या बदल्यात पलीकडून भुरक्या आला. तरणा, अंगानं दांडगा, मनानं भाबडा. टकरीआधी अदबीनं म्हणाला, "आबा, कारभारी म्हणतात तुमच्या डावीकडून ये. कावळे तिकडं बसतात, त्यांना नीट दिसतं. येऊ ना?"

शेंदऱ्यानं खालच्या वाटेकडे पाहिलं. याला सांगावं, तर हा लगेच जाऊन कारभाऱ्याला विचारणार.

"ये," तो म्हणाला. "पण पळताना खूर आपटत ये."

भुरक्यानं खूर आपटले. त्याचं काही चुकलं नाही. पण नव्या जोडीची पहिली टक्कर म्हणून बोकडानं त्या दिवशी दोन ढोल जास्त लावले होते. शेंदऱ्या कान टवकारून, भलत्याच बाजूला कपाळ धरून उभा राहिला.

आवाज मोठा झाला नाही.

जिंकणाऱ्यानं पडलेल्याच्या बरगडीवर खूर ठेवायचा आणि ढोल थांबेपर्यंत हलायचं नाही, असं शिकवलेलं. भुरक्यानं खूर ठेवला. मेंढरं उठून उभी राहिली. "काय पडलाय थेरडा, अगदी खरं वाटतंय," म्हणत एकमेकांना ढोसू लागली. कावळ्यांनी तेच पुढं सांगितलं.

भुरक्यानं खुराखाली श्वास चाचपला. थोडं थांबून पुन्हा चाचपला. मान शिकवल्यासारखी ताठच ठेवून तो हळूच म्हणाला, "आबा, उठा आता."

ढोल चालूच होते.