अधिक महिन्यातल्या सगुणाचं फूल

एक होता राजा. त्याला बागेचं भारी वेड. त्याने बागेत बारा वाफे केले होते, दर महिन्याचा एक. वैशाखाचा मोगरा म्हणजे माया. आश्विनातला झेंडू म्हणजे उमेद. मार्गशीर्षातली शेवंती म्हणजे धीर. मूल ज्या महिन्यात जन्मलं, त्या महिन्याचं फूल त्याने आपल्या हाताने वाढवायचं आणि बागेच्या दारात न्यायचं. फुलाने त्याच्याकडे तोंड वळवलं, की मूल आत खेळायला मोकळं. जादूचीच बाग ती, बरं का!

त्या गावात कुंभाराची सगुणा राहायची. ती जन्मली अधिक महिन्यात. साधारण तीन वर्षांनी एक जादा महिना येतो ना, जावयांना अनारसे खायला घालतात तो. त्या महिन्याला फूलच नव्हतं. मैत्रिणी आत झोके घ्यायच्या आणि सगुणा आपली दाराबाहेर. वरून मुलं चिडवायची, “सगुणे, तीन वर्षांनी ये गं!”

मग तिने मोगरा लावला. दारात नेला, तर त्याने तोंड फिरवलं. मग झेंडू नेला. तोही फिरला. मग शेवंती. तिने तर पाठच केली!

बागेच्या दारावरचे माळीबुवा म्हणाले, “पोरी, ही दुसऱ्यांची फुलं. तुझं तू शोध.”

सगुणा रडत घरी आली आणि भट्टीमागे जाऊन बसली. तिथे फुटक्या मडक्यांच्या ढिगात गुलाबी फुलं डोलत होती. सदाफुली.

“आई, ही कधी फुलते गं?”

“कधी फुलत नाही ते विचार!”

सगुणाने डोळे पुसले. आपला महिना कधी ज्येष्ठाआधी येतो, कधी श्रावणाआधी. त्याला असंच फूल हवं, जे कधीही आलं तरी फुललेलं असेल.

मग तिने शेंगांतलं काळं बारीक बी काढलं. बापाची मऊ मळलेली माती घेतली, बी पेरलं, आणि सकाळ-दुपार-संध्याकाळ पाणी घातलं. कुंभाराची लेक ती! पाण्यावाचून मातीचं काही होतं, हे तिला ठाऊकच नव्हतं. रोपं उगवली आणि कुजून गेली.

“अगं वेडे,” आई म्हणाली, “ढिगातल्या झाडाला कोण पाणी घालतं?”

मग तिने मडक्याच्या बुडाला भोक पाडलं. खाली खापऱ्या, वर वाळू मिसळलेली माती. बी हलकेच झाकलं. रोप आल्यावर ते भर उन्हात ठेवलं. माती सुकली, की घोटभर पाणी. बास.

पाणी घालायला हात शिवशिवायचे, पण तिने आवरले. आणि एके सकाळी कळी उमलली!

सगुणा मडकं घेऊन दारात गेली. फूल हललं, आणि हळूच तिच्याकडे वळलं.

माळीबुवा हसले. “आता राजाला याचा अर्थ काय सांगू?”

“सांगा, आपला महिना येईपर्यंत थांबायचं नाही, फुलत राहायचं.”

“खरं गं. पण तेरावा वाफा कुठून आणू?”

“वाफा कशाला? ही वाटेवरची मुरमाड जागा आहे की!”

राजाला ते पटलं, आणि बारा वाफ्यांमधल्या वाटेवर सदाफुली लागली. सगुणाने हात झटकले आणि धावत जाऊन झोका पकडला. राजा सुखी झाला, सगुणा सुखी झाली. आता पाय पोटाशी घ्या, पांघरूण ओढा, आणि गुपचूप झोपा बघू.